तुम्ही विचारलंत म्हणून : ते पाणी खरोखरच इतके निळे असते का?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कालांकची माझी छायाचित्रे पाहिली की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : हा रंग खरा, की नंतर संगणकावर चढवलेला? रंग खरा आहे. मात्र तो दिवसभर दिसत नाही.

मार्सेय शहर आणि कासी हे बंदराचे गाव यांच्या दरम्यान चुनखडीचे पांढरे डोंगर थेट समुद्रात उतरतात, आणि त्यांच्यात शिरलेल्या अरुंद, उभ्या कड्यांच्या खाड्यांना कालांक म्हणतात. तिथल्या पाण्यात पोषकद्रव्ये कमी, त्यामुळे हिरवट झाक आणणारे सूक्ष्म शैवालही कमी. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीत-दोन वीत. आणि गाळ आणून टाकणारी मोठी नदी या खाड्यांना मिळत नाही. कोकणातल्या खाड्यांचे सगळेच याच्या उलट असल्यामुळे आपल्याला हे पाणी खोटे वाटते.

ऑक्टोबरात मी कासीहून पहाटे निघाले आणि पोर-मियू, पोर-पां या खाड्या मागे टाकून आं-व्हो खाडीच्या घळीत उतरले. असंख्य पावलांनी तिथल्या चुनखडीला अशी झिलई आली आहे की कोरड्या दिवशीही बूट ओल्या फरशीवरून घसरावेत तसे घसरतात, म्हणून त्या उतारावर मी कॅमेरा पिशवीत आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. खाली पोचले तेव्हा कड्याची सावली पाण्यावर होती आणि पाणी काळपट हिरवे होते. भर दुपारी छायाचित्रे काढू नयेत, असे सगळेच शिकतात. इथे तो नियम बाजूला ठेवावा लागतो, कारण सूर्य वर आल्याखेरीज उजेड तळापर्यंत पोचत नाही. बाराच्या सुमारास ऊन पाण्यात शिरले. भिंगावरच्या पोलरायझरची, म्हणजे चकाकी अडवणाऱ्या काचेची, कडी हळूहळू फिरवली, तशी वरची चकाकी विरत गेली आणि एका कयाकची सावली, वल्ह्यासकट, तळाच्या पांढऱ्या गोट्यांवर दिसू लागली. उजेडाची मोजणी मी उन्हातल्या खडकावर केली; पाइनच्या सावलीवर केली असती, तर कडा पांढराफटक पडला असता.

एका चित्रातले गडद निळे डाग पाहून ‘इथे रंग जास्त झाला’ असे मला सांगण्यात आले. ते पोसिडोनियाचे कुरण आहे : समुद्राच्या तळाशी वाढणारी, फुले येणारी वनस्पती, वर्षाला काही सेंटिमीटरच पसरणारी, आणि बोटीच्या नांगराने उपटली गेली की पिढ्यान्‌पिढ्या भरून न येणारी. ते डाग मी फिके करणार नाही.