तुम्ही विचारलंत म्हणून: बर्नीची बाजू मी का घेतो

“मतं खाल्ली हो त्याने. तरी तुम्ही त्याचीच बाजू घेता?” गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षातर्फे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी लढलेल्या जेम्स बर्नीचं नाव काढलं की कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये हे ऐकावं लागतं, घरी मुलगाही तेच म्हणतो.

हिशेब मला पाठ आहे. १८४४ ची निवडणूक, न्यू यॉर्क राज्य. दोन प्रमुख उमेदवारांत पोकची क्लेवर आघाडी साधारण ५,१०० मतांची आणि लिबर्टी पक्षाच्या बर्नीला मतं १५,८००. त्यातली तिसरा हिस्सा मतं क्लेकडे वळली असती, तर राष्ट्राध्यक्ष क्ले झाला असता. पोक आला आणि १८४५ मध्ये टेक्सास गुलामांसकट संघराज्यात आलं. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्यात या माणसाला जागा नाही, असं मीही एकेकाळी तावातावाने सांगायचो.

मग मटिल्डा या गुलाम बाईचा खटला वाचला. तिचा मालक हाच तिचा बाप. स्वातंत्र्य मागितलं, त्याने दिलं नाही. १८३६ मध्ये ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला ती त्याच्यापासून निसटली आणि पुढे बर्नीच्या घरी कामाला राहिली. त्याच वर्षी जुलैत जमावाने बर्नीच्या ‘फिलँथ्रॉपिस्ट’ या गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्राची छपाईची यंत्रं मोडून ओहायो नदीत फेकली होती. मार्च १८३७ मध्ये मटिल्डाला पकडलं. तरुण वकील सॅमन चेसने तिच्यासाठी युक्तिवाद केला: ओहायोच्या मुक्त भूमीवर मालकानेच आणलं, म्हणजे ती मुक्त झाली. कोर्टाने ऐकलं नाही. तिला पुन्हा गुलामीत नेलं. आसरा दिल्याबद्दल बर्नीला ५० डॉलर दंड झाला. अपिलात तो रद्द झाला, का, तर ती गुलाम असल्याचं त्याला माहीत होतं, हे आरोपपत्रात लिहिलेलंच नव्हतं. हा निकाल वाचून मी फाइल मिटली आणि त्या दिवशी दुसरं काम केलं नाही. तांत्रिक मुद्द्यावर अशिलं मीही सोडवली आहेत. इथे दंड सुटला, मटिल्डा नाही.

क्ले आणि पोक दोघेही गुलामांचे मालक. मटिल्डाला घरातून नेलेलं पाहिल्यावर त्यांच्यातला बरा मालक निवडायला बर्नीने लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण तुमच्यापासून लपवत नाही. अलाबामातला मळा विकताना बर्नीने त्यावरची माणसंही विकली होती. १८३४ मध्ये उरलेल्यांना मुक्त केलं, १८३९ मध्ये वडिलांच्या वारशात आलेल्या एकवीस जणांनाही. विकलेले मात्र विकलेलेच राहिले. त्याच्या कडवेपणात हा सल किती होता, मला मोजता येत नाही.

मुलाने परवा पुन्हा विचारलं, “टेक्सासच्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या बाईला हे उत्तर पटलं असतं का, बाबा?” तिच्यापुढे उभं राहून मला हे बोलता आलं नसतं, असं त्याला सांगितलं. बर्नीची बाजू मात्र अजून सोडवत नाही.