मान हलवली, त्याची नोंद

सोमवार, रात्री

सकाळी नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलं घेणं) म्हटलं आणि अकराच्या बैठकीत दुसरं, चोरी न करण्याचं शील मोडलं. कुणाला कळलंही नाही, म्हणूनच लिहून ठेवते आहे.

साहेबांनी तक्ता पडद्यावर लावला होता. तीन वर्षांचे आकडे, आणि जिथे ते जुळत नव्हते तिथे खाली बारीक अक्षरात कारण. "ही कारणं शोधून काढलीत, हे फार चांगलं केलंत," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. ती कारणं मी शोधली नव्हती. माझ्या हाताखाली काम करणारी मुलगी, नोकरीला लागून वर्षही झालं नाही तिला, दोन संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून जुन्या फायली उपसत बसली होती. ती तिथेच होती, टेबलाच्या टोकाला. मी काही बोलले नाही. फक्त मान हलवली.

तिनं वहीत डोकं घातलं. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. तो टक-टक आवाज अजून कानात आहे.

मंगळवार

रात्रभर स्वतःची वकिली करत होते. मी खोटं बोलले का? नाही. अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकांमध्ये, मुसावादाची (खोटं बोलण्याची) चार अंगं सांगितली आहेत: गोष्ट खरी नसणं, फसवण्याचा विचार, तसा प्रयत्न, आणि समोरच्याला ते तसं समजणं. मी तोंडच उघडलं नाही, मग प्रयत्न कुठला? पण तिथेच पुढे म्हटलंय की हा प्रयत्न वाचेनं होतो तसा कायेनंही होतो. मान हलवणं कायेतच येतं. साहेबांना जे समजायचं ते समजलं. म्हणजे दुसऱ्या शीलाबरोबर चौथं, खोटं न बोलण्याचं शीलही गेलं.

दुसऱ्या शीलाबद्दल मात्र मला आधीपासून काही म्हणायचं आहे. मराठीत आपण ते 'चोरी करणार नाही' असं म्हणून मोकळे होतो. चोरी म्हटलं की कुलूप, खिसा, पैसे डोळ्यांपुढे येतात आणि आपण त्यातले नाही म्हणून बरं वाटतं. पालीत शब्द आहे अदिन्नादान. अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. जे दिलेलं नाही ते घेणं, एवढंच. एवढं साधं केलं की पळायला जागा उरत नाही. साहेबांनी शाबासकी दिली, मी घेतली, मग ती दिलेलीच ना? पण ती साहेबांच्या हातात असली तरी होती तिची. तिनं काही दिलं नव्हतं.

आणि 'सिक्खापदं समादियामि'. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, आणि तो मी स्वतःहून घेते. वरून कुणी आज्ञा केलेली नाही, त्यामुळे हात जोडून माफ करून घ्यायला वर कुणी नाही. लहानपणी मला हे सोपं वाटायचं. आज ते फार जड वाटतंय.

बुधवार

मज्झिम निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातलं राहुलोवाद सुत्त काढून वाचलं. अंबलट्ठिका या ठिकाणी राहुलाला केलेला उपदेश. सम्राट अशोकाच्या बैराटच्या (राजस्थान) शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी पुन्हा पुन्हा ऐकावेत असे सात उपदेश सांगितले आहेत, त्यात 'राहुलाला खोटं बोलण्याविषयी केलेला उपदेश' असा स्पष्ट उल्लेख आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाला दगडावर कोरून ठेवावंसं वाटलेलं हे सुत्त मी शेवटचं कधी वाचलं होतं, आठवत नाही.

भगवंत, म्हणजे बुद्ध, पाय धुतात आणि भांड्यात थोडंसं पाणी ठेवतात. राहुला, हे थोडं पाणी दिसतं का? जाणूनबुजून खोटं बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपण (भिक्खूपण) एवढंसंच. मग ते पाणी टाकून देतात, भांडं उपडं करतात, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवतात. प्रत्येक वेळी तेच विचारतात. समोर स्वतःचा मुलगा आहे आणि आवाज कुठेही चढत नाही.

भांड्याची गोष्ट सगळ्यांना आठवते. मला आज पुढचा भाग लागला. आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. तसंच कर्म करण्याआधी बघ, करताना बघ, केल्यानंतरही बघ: याने मला, दुसऱ्याला, दोघांना त्रास होणार आहे का? मान हलवताना बघायला अर्धा क्षण होता. आधीही होता, कारण साहेब तो तक्ता लावणार हे मला माहीत होतं. उरलं ते केल्यानंतरचं बघणं, आणि तिथे सुत्त नेमकं सांगतं. मनातलं अकुशल, म्हणजे वाईट, असेल तर त्याची लाज वाटू दे, पुढे सांभाळ. पण कायेनं किंवा वाचेनं घडलेलं असेल तर ते गुरूपाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड कर. नुसतं मनात कुढत बसणं पुरत नाही.

म्हणजे ही वहीसुद्धा पुरत नाही.

(रात्री हातावर डास बसला आणि दुसरा हात उठला. उठलेला हात मला दिसला आणि मी फुंकर मारली. जीव न घेण्याचं पहिलं शील इतकी वर्षं पाळून एवढं जमतं. पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाबद्दलही लिहून ठेवते: हल्ली मोबाईललाही लोक त्यात ओढतात. मला पटत नाही. त्यातले शब्द सुरा आणि मेरय असे आहेत: सुरा म्हणजे पिठापासूनची, मेरय म्हणजे फुलाफळांच्या, मधाच्या रसापासूनची दारू. ज्या घरांनी दारूपायी सोसलंय त्यांच्यासाठी ते शील जसं आहे तसंच राहू द्यावं.)

गुरुवार

सकाळी तिला बाजूला घेऊन सांगितलं. "अगं, सोमवारी साहेब जे म्हणाले ते तुझ्या कामाबद्दल होतं. मी तिथेच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. माझं चुकलं."

ती म्हणाली, "असू दे ना मॅडम, चालतं."

हे 'चालतं' मला सोमवारच्या टोपणापेक्षा जास्त लागलं. वर्षाच्या आत ती हे शिकली, आणि शिकवणाऱ्यांत मी एक.

मी म्हटलं, साहेबांना सांगते. तर ती घाबरली. "नको मॅडम. मग विचारतील, मी तेव्हाच का बोलले नाही." आता आली का पंचाईत. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी तिला अडचणीत आणणार होते. अभय नावाच्या राजकुमाराला भगवंत सांगतात: खरं आणि हिताचं असलं तरी तथागत (म्हणजे बुद्ध स्वतः) ते बोलण्याची वेळ जाणतो. ओझं उतरवायची माझी घाई मला 'हित' वाटत होती. तिला विचारलं, "तुला कसं चालेल?" ती बराच वेळ खिडकीकडे बघत होती. मग म्हणाली, "अहवालात नाव टाकाल? पहिल्या पानावर, खाली कुठेतरी चालेल."

शुक्रवार

साहेबांना एकटं गाठून सांगितलं: कारणं तिनं शोधली, त्या दिवशी मी बोलले नाही ही चूक माझी, तिला काही विचारू नका. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा कागदात बघू लागले. चार दिवस मी जे छातीवर घेऊन फिरत होते, त्याला दहा सेकंद लागली.

अहवालाच्या पहिल्या पानावर तिचं नाव टाकलं, खाली कुठेतरी नव्हे, माझ्या नावाच्या वर. छापण्याआधी तिला दाखवायला नेलं. तिनं पान दोन्ही हातांत धरून वाचलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि आडनावावर बारीक खूण केली.

"मॅडम, 'ल' नाही, 'ळ' आहे."

इतके महिने मी ते 'ल'नंच लिहीत आले होते. जागेवर येऊन दुरुस्त केलं, परत तिला दाखवलं, मग छापायला दिलं.