आकडा हलत नव्हता

संक्रांतीचा दुसरा दिवस, रात्र

तात्यांना पहाटे दोनलाच कळलं होतं. आणि त्यांनी मला फोन केला नाही.

लिहून बघितलं तर यात काहीच नाही. नुकसान म्हणावं तर चार तास ओला बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला, भट्टीत जळणारा उसाचा चोथा, आणि बॉयलरवाल्यांच्या शिव्या, त्याही माझ्या तोंडावर नाहीत. पण सकाळी साडेसहाला साखर कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये, रात्रभर स्क्रीनसमोर बसलेले तात्या म्हणाले, "आकडा हलत न्हवता मॅडम, दोनलाच बघितलं म्या," तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. मग मला उठवलं का नाही? तर म्हणे, "तुम्ही दिवाळीचं बसून केल्यालं काम. वाईट वाटलं असतं तुम्हाला."

आता वाटतंय ना वाईट. दुप्पट.

झालं होतं ते साधंच. ऊस पिळणारी मिल ज्या छोट्या कंट्रोल संगणकावर चालते तो पीएलसी जुना, त्याला फक्त सिरियल पोर्ट. आमची डीसीएस, म्हणजे कंट्रोल रूममधली मुख्य नियंत्रण यंत्रणा, नवी, ती इथरनेटवर. मधे गेटवे नावाची एवढीशी डबी बसवली. तिने एका बाजूने मॉडबस आरटीयूवर पीएलसीला विचारायचं आणि दुसऱ्या बाजूने डीसीएसला सांगायचं. मॉडबस म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा, १९७९ ची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. दिवाळीत याच जोडणीपायी अकरा दिवस इथे होते. पहिल्या दिवशी पीएलसीतल्या आकड्यांचे सगळे पत्ते एकाने सरकलेले, कारण यादीत ४०००१ लिहिलेलं आणि तारेवर मोजणी शून्यापासून. दुसऱ्या दिवशी पत्ते जुळले, तर मिलच्या पॅनलवर ६२.५ आणि माझ्याकडे ०.००. दशांशाची संख्या दोन रजिस्टरांत, म्हणजे दोन कप्प्यांत मावते, त्यातलं आधी कुठलं वाचायचं यावर दोन्ही कंपन्यांचं एकमत नव्हतं. उलटापालट केल्यावर ६२.५ उमटलं तेव्हा मी टाळी वाजवली होती, एकटीने. पाडव्याला घरी नव्हते. त्यावर जे बोलणं झालं ते आज नको.

काल रात्री ऊस कमी होता. संक्रांतीमुळे टोळ्या फडात उतरल्या नाहीत, गाडीतळ निम्मा रिकामा. तासाला २१० टनांवरून गाळप दीडशेच्या आसपास आलं. गाळप उतरलं की इम्बिबिशनचं पाणीही, म्हणजे चोथ्यातला उरलासुरला रस काढायला मिलमध्ये सोडतात ते, त्याच हिशेबाने उतरायला हवं. तो हिशेब डीसीएस करते आणि पाण्याचा सेटपॉइंट, किती पाणी सोडायचं तो आकडा, मिलच्या पीएलसीला पाठवते. पण एक चाळीसला सिरियलची एक तार टर्मिनलातून निसटली. मिलच्या थरथरीने स्क्रू ढिला होत गेला असणार. सकाळी मी बोट लावलं तर तारेच्या टोकाची टोपी, फेरूल, अलगद हातात आली. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध मोजून घातले होते, शील्ड एकाच बाजूला अर्थ केलं होतं, सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि स्क्रू ढिला.

तार तुटली एवढंच असतं तर आकडा जांभळा होऊन अलार्म वाजला असता. पण डबी चालू होती. डीसीएस विचारत राहिली आणि डबी शेवटचा वाचलेला आकडा इमानदारीने पुढे करत राहिली. गाळप २१०, पाणी ६२.४, क्वालिटी गुड, म्हणजे आकडा भरवशाचा. तिकडे पीएलसीनेही शेवटचा सेटपॉइंट धरून ठेवलेला. ऊस दीडशे टनांचा आणि पाणी दोनशे दहाचं. बगॅस ओला, भट्टी मलूल, स्टीमचा दाब ६७ वरून ६१. धोका दिसला की यंत्र बंद पाडणाऱ्या ट्रिपच्या तारा वेगळ्या, थेट तांब्याच्या, त्यांचा या डबीशी काही संबंध नाही, म्हणून कुणाच्या जिवाला धोका नव्हता. हे मी दिवसभरात स्वतःला सात-आठ वेळा सांगितलंय.

यावर उपाय असतो, आणि तो मला माहीत होता. पीएलसीत एक काउंटर ठेवायचा, दर सेकंदाला एकने वाढणारा. डीसीएसने तो वाचायचा. दहा सेकंद बदलला नाही की समजायचं पलीकडे कुणी नाही. हार्टबीट म्हणतात त्याला. ऑक्टोबरच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे, 'जमल्यास' या मथळ्याखाली. त्याच्या वरची ओळ 'स्क्रीनचे रंग' आहे, आणि तिच्यापुढे बरोबरची खूण आहे.

पण मला डाचतंय ते हे नाही. विसरले, चूक झाली, दुपारी दोन तासांत घातला हार्टबीट. डाचतंय ते तात्यांचं. पाण्याचा प्रवाह कधी गप्प बसत नाही. ६२.१, ६२.६, ६१.९, अशी दशांशात तरी चुळबूळ चालूच असते. तात्या समोर बसून दोन मिनिटांत ओळखतात की हा आकडा मेलाय. मग उठून खाली जातात, कॅरियरवरचा बगॅस मुठीत घेऊन दाबतात. सकाळी मलाही करून दाखवलं. एरवी मूठ उघडली की तो भुसभुशीत सुटतो. आज तळव्यावर बोटांच्या खाचांसकट लाडूसारखा बसून राहिला आणि मनगटावर ओघळ आला. एवढं कळल्यावर त्यांनी काय केलं, तर मिलवर माणूस पाठवून पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने थोडा आवळून घेतला. मिलवाल्यांनी तो परत उघडला, त्यांच्या पॅनलवर सेटपॉइंट तेवढाच होता ना! तात्यांनी परत आवळायला लावला. पहाटेपर्यंत हा खेळ. फोन पाच पावलांवर, माझा नंबर काचेखाली मोठ्या अक्षरात लिहिलेला.

एवढी काय मी फणसासारखी? संध्याकाळभर हेच. इतकी वर्षं या सगळ्या पुरुषांत नोकरी केली, रात्री-अपरात्री आले, शिडीवर चढले, आणि शेवटी काय, तर मॅडमना वाईट वाटेल. माझ्या जागी कांबळे असते तर दोन वाजून एक मिनिटाला फोन गेला असता, शिवीसकट. मला शिवीची सवलत नाही.

हे लिहिता लिहिता डिसेंबर आठवला. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल. तात्या म्हणाले होते, ड्रमवरच्या काचेत कमी दिसतंय आणि स्क्रीनवर जास्त. मी जागेवरून न उठता म्हणाले होते, "तात्या, स्क्रीनवर आहे ते बरोबर आहे." चार पोरांसमोर. आणि तेव्हा मी बरोबर होते, हीच तर पंचाईत. चूक निघाली असती तर माफी तरी मागितली असती. पोरं हसली होती, मीही हसले असेन. तात्या तेवढे काच पुसत होते.

म्हणजे वाईट मला वाटलं असतं म्हणून नव्हे तर. जाऊ दे.

काल दुपारीच त्यांनी कागदाच्या पुडीतून तिळगूळ दिला होता. गोड बोला म्हणाले. या माणसाने रात्रीपासूनच अंमल सुरू केला.

दुपारी तो काउंटर स्क्रीनच्या कोपऱ्यात टाकला, शून्य ते एकोणसाठ पळणारा. खरं तर दाखवायची गरज नव्हती, अलार्म लावलाच आहे. तरी टाकला. तात्या चष्मा वर करून बघत राहिले.

"हे काय घड्याळ?"

"घड्याळच समजा. हे थांबलं तर मला फोन करायचा. कितीही वाजले असू देत."

"बरं."

"आणि दुसरं काही खटकलं तरी. माझंच चुकलंय असं वाटलं तर आधी करायचा."

त्यावर "बरं" आलं नाही. नुसती मान हलवली.

आता हे लिहीत असताना फोन वाजला. पावणेअकरा. नाव बघून पोटात गोळा. गाडीची किल्ली हातात घेऊनच उचलला.

"मॅडम, तात्या बोलतोय. पळतंय बरं का तुमचं ते. झोपा आता."