तुम्ही विचारलंत म्हणून: कात्रीने कापलेली कव्हरं

‘वॉशिंग्टनच्या त्या एवढ्याशा रेकॉर्ड कंपनीत तुम्हाला एवढं काय सापडलं?’ असं मला वरचेवर विचारतात. डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर आलेलं नाही, आणि तिथलं पंक, म्हणजे वेगवान, ओबडधोबड रॉक संगीत, पहिल्यांदा ऐकताना नुसता कल्लोळ वाटतो, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

माझा जीव जडला तो तिच्या पहिल्या रेकॉर्डच्या गोष्टीवर. १९८० साली टीन आयडल्स हा कोवळ्या पोरांचा बँड फुटला. कार्यक्रम करून साठवलेले सुमारे ६०० डॉलर हाताशी होते. चौघांनी वाटून घेतले असते तर दीडदीडशे आले असते. त्यांनी ठरवलं, या पैशांतून आपल्या गाण्यांची रेकॉर्ड काढायची. मोडलेल्या बँडची रेकॉर्ड! तिच्या जोरावर पुढचा कार्यक्रम मिळणार नव्हता, नाव होणार नव्हतं. आपण होतो, असं वाजवत होतो, एवढं कुठेतरी राहावं म्हणून केलेली ती धडपड.

कव्हर छापून घ्यायचं तर ते कसं घडतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मग एका इंग्लिश रेकॉर्डचं कव्हर उकललं, कागदावर सपाट पसरलं आणि त्याची कड गिरवून घेतली. त्या आकारात मजकूर-चित्र बसवून छापून आणलं. पुढे कात्री, घडी, डिंक. हजार रेकॉर्डींना हजार कव्हरं, सगळी हाताने. त्या कव्हरवर एकमेकांवर ठेवलेले दोन हात आहेत आणि हातांवर ठसठशीत काळ्या फुल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये अल्पवयीन मुलांच्या हातावर अशी फुली काढत, म्हणजे दारू द्यायची नाही हे वाढणाऱ्याला कळावं. ही युक्ती पोरांनी आपल्या गावी आणली : फुली मारा, पण गाणं ऐकायला आत सोडा.

पहिल्या रेकॉर्डीचे पैसे सुटतील तसे दुसऱ्या मित्रांच्या बँडला, असं पुढे चालू लागलं. हेन्री गारफील्ड (पुढे हेन्री रोलिन्स म्हणून गाजला तो) आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करायचा. आपल्या बँडच्या रेकॉर्डीचा खर्च त्याने स्वतःच उचलला. टीन आयडल्समधल्याच इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी कंपनी सांभाळली ती लेखी करार न करता. खर्च वजा जाता नफा बँड आणि कंपनी यांच्यात निम्मा-निम्मा.

आणि नियम एक : बँड वॉशिंग्टनचा किंवा आसपासचाच हवा. पुष्कळांना हा कोतेपणा वाटतो. मला त्यातच तिचं मोठेपण दिसतं. चांगलं ते कुठूनही उचलू म्हटलं असतं, तर इतर कंपन्यांसारखी एक कंपनी झाली असती. एका गावाला धरून राहिल्यामुळे कुठला बँड फुटून कुठला जन्मला, कोण कुणाकडे गेला, हे रेकॉर्डी क्रमाने लावल्या की आपोआप समजतं.

अर्थात सगळं गाव त्यात नाही. ज्यांना बघून ही पोरं पेटून उठली, त्या बॅड ब्रेन्स या वॉशिंग्टनच्याच बँडने १९८० सालीच आपली पहिली रेकॉर्ड स्वतः काढली. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीयांचं गो-गो संगीत त्याच काळात शहर नाचवत होतं, त्याचा इतिहास वेगळीकडे शोधावा लागतो. पण १९८३ मध्ये मकाय-नेल्सन यांच्या पुढच्या बँडचा, मायनर थ्रेटचा, शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा त्याच मंचावर ट्रबल फंक हा गो-गो बँडही होता. त्या रात्री हजर असायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

ज्या तळघरातल्या इनर इअर स्टुडिओत यातल्या बहुतेकांनी आपली गाणी रेकॉर्ड केली, तो पुढे मोठ्या जागेत गेला आणि २०२१ मध्ये तीही जागा सुटली. नोंदी ठेवायची सवय मात्र सुटलेली नाही. मकायच्या फुगाझी या बँडने १९८७ ते २००२ मध्ये हजाराच्या वर कार्यक्रम केले. त्यांतले ८०० हून अधिक टेपवर आहेत, आणि २०११ पासून ते एकेक करून लोकांसमोर ठेवले जात आहेत, खरखरणारेसुद्धा. प्रत्येकासोबत तारीख, गाव, दाराशी किती पैसे घेतले, किती माणसं आली होती, टेप कुणी केली. दर बहुतेक ठिकाणी पाच डॉलर. मी कधीकधी रात्री गाणी न लावता नुसत्या त्या नोंदीच वाचत बसते.