कायद्यात बसणारं टायर आणि गगनबावड्याचा पाऊस

२०२५ सालचा पाऊस आठवत असेल. मे संपायच्या आतच मान्सून महाराष्ट्रात शिरला. वळीव कुठं संपला आणि खरा पाऊस कधी सुरू झाला, ते कळलंच नाही. एरवी मी मेच्या शेवटच्या आठवड्यात गाडी दाखवून आणते. वायपर, ब्रेक, बॅटरी, सगळं. त्या वर्षी राहिलं. उद्या करू, परवा करू म्हणता म्हणता १६ जूनला शाळा उघडल्या.

मी गगनबावडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. राहायला कोल्हापुरातल्या फुलेवाडीत. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर रोजचे. गाडी माझी, सोबत आणखी तिघं: दोन मॅडम आणि गणिताचे सर. पेट्रोल वाटून घेतो. गाडी मीच चालवते, त्यामुळं तीन घरांतली माणसं रोज सकाळी माझ्या भरवशावर निघतात. हे तेव्हाही माहीत होतं, पण त्या आठवड्यात ते अंगावर आलं.

एका सकाळी कळे गाव मागं टाकलं होतं. मांडुकलीच्या अलीकडे रस्त्यावर पाणी पसरलं होतं. पूर वगैरे काही नाही, शेतातून येऊन रस्ता ओलांडणारं बोटभर पाणी. वेग साठच्या आसपास. पुढं डावीकडं वळण. स्टीअरिंग फिरवलं आणि ते एकदम हलकं झालं. हातात वजनच नाही, जणू खाली चाकंच नाहीत. मी डावीकडं वळवतेय आणि गाडी सरळ चाललीय, समोरच्या लेनकडं. ब्रेकवर पाय दिला, काही फरक नाही. दोन सेकंदांनी चाकांनी रस्ता पुन्हा धरला, गाडीनं हिसका खाल्ला आणि उजव्या बाजूच्या साइडपट्टीवर चिखलात जाऊन थांबली. समोरून कोल्हापूरला निघालेली एसटी येत होती. तिच्या ड्रायव्हरनं लांबूनच ओळखून गाडी आवरली होती, म्हणून आज हे लिहितेय.

ते उतरून आले. कुणाला लागलं नाही ना, ते आधी विचारलं. मग वाकून माझ्या पुढच्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, ब्रेकचा दोष न्हाई. टायर गोटा व्हायला आल्यात की तुमची."

परत येताना कळ्यात पंक्चरवाल्याकडं थांबले. त्यानं कानामागची काडेपेटीची काडी काढली आणि टायरच्या खाचेत उभी धरली. काडी जेमतेम आत गेली. मागच्या चाकात जरा जास्त. "हितनं पाणी भाईर जायचं असतंय," खाचेवर बोट ठेवून तो म्हणाला, "वाटच राहिली न्हाई तर पाणी जानार कुठं? मग गाडी पाण्यावर चढत्या." यापेक्षा सोप्या शब्दांत मला कुणी समजावलेलं नाही. चाकापुढचं पाणी खाचांतून मागं आणि बाजूला फेकलं गेलं नाही, तर ते टायरखाली पाचरीसारखं शिरतं. रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि मग ना स्टीअरिंग चालतं ना ब्रेक.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात एका ठिकाणी मापाची पट्टी लावून खाचांची खोली मोजून घेतली. पुढची दोन्ही टायर १.८ मिलिमीटर, मागची २.६.

इथं मला पहिला धक्का बसला. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद समजायचं. माझी टायर त्याच्या वर होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं माझी गाडी त्या सकाळी निर्दोष होती. पोलिसांनी अडवून तपासलं असतं तरी सोडून दिलं असतं.

भाचा म्युनिकला नोकरीला आहे. त्याला फोनवर सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, इथं असतं तर माझ्याकडं टायरचे दोन संच असते. आहेतच. ऑक्टोबरमध्ये हिवाळी लावायचे, ईस्टरला काढायचे." जर्मनीत ठरावीक तारीख नाही, पण रस्त्यावर बर्फ, बर्फाळ चिखल किंवा गोठलेलं दहिवर असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी काढता येत नाही. काढली तर ६० युरो दंड आणि लायसनवर एक दोषगुण. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह लागतं. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात तर तारखाच ठरलेल्या आहेत, १ डिसेंबर ते १५ मार्च. तिथं ही सक्ती २००८ पासून आहे. ऑस्ट्रियाचं ऐकून मी वहीत लिहून घेतलं: तिथं नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की त्या टायरला हिवाळी टायर मानतच नाहीत. टायर फाटलेलं नसतं, उन्हाळ्यात ते अजून चाललंही असतं. पण त्या मोसमासाठी ते संपलं.

मला हवं होतं ते हेच. रस्ता मोसमाप्रमाणं बदलतो, तर टायरचं मापही मोसमाप्रमाणं बदलावं. आपल्याकडं जानेवारीतल्या कोरड्या रिंगरोडला आणि जुलैतल्या गगनबावड्याच्या रस्त्याला एकच माप, १.६.

एक गैरसमज मात्र इथंच दूर करते, कारण आमच्या स्टाफरूममध्येही तो निघाला. हिवाळी टायर मागवून पावसाळ्यात लावले तर? अजिबात नको. त्यांचं रबर मुद्दाम मऊ असतं, कारण साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीचं रबर कडक पडून पकड सोडतं. आपल्याकडं ऐन पावसातही वीस-बावीस अंशांच्या खाली फारसं जात नाही. ते मऊ रबर आपल्या रस्त्यावर भराभर झिजेल, पैसे पाण्यात. आपल्याला लागतं ते साधं चांगलं टायर, खोल नक्षीचं आणि ओल्या रस्त्यावर धरणारं. नव्या टायरच्या ओल्या पकडीचे निकष आता आपल्या देशातही लागू झालेत. पण ते टायर नवं असतानाचे. चार वर्षं घासल्यावर काय, हे कुणी विचारत नाही.

आता टायर घेण्याची गोष्ट. याबद्दल सविस्तर लिहितेय, कारण बायका एकट्या टायरच्या दुकानात गेल्या की काय होतं ते मी पाहिलं.

पहिल्या दुकानात मालक म्हणाले, पुढची दोनच बदला, गाडी पुढच्या चाकांवर ओढते ना. ऐकायला पटतं, पण ते बरोबर नाही. दोनच नवी घ्यायची असतील तर नवी मागं बसवायची आणि मागची पुढं आणायची. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुतेकदा पुन्हा हाताशी येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि आपल्यासारख्या रोजच्या चालकाला ती सावरता येत नाही. मी चारही घ्यायचं ठरवलं, कारण मागची २.६ वाली तरी पुढचा पावसाळा कुठं काढणार होती.

दुसऱ्या दुकानात भाव कमी सांगितला. टायर आली, पोरगा जॅक लावायला बसला. मी मोबाइलचा दिवा लावून टायरच्या कडेवर लंबगोलात छापलेले चार आकडे शोधले. ११२१. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०२१ च्या मार्चमधली टायर मला २०२५ च्या जूनमध्ये नवी म्हणून मिळत होती. "मॅडम, गोडाऊनमधी हुती, ऊन लागलेलं न्हाई," असं उत्तर आलं. रबर पडून पडूनही कडक होतं. ठेवण नीट असेल तर सगळं वाया जात नाही हे खरं, पण मग ते आधी सांगायला हवं होतं आणि भाव तसा लावायला हवा होता. मी जॅक काढायला लावला. चार माणसं बघत होती, आवाज थोडा थरथरला, तरी काढायला लावला.

तिसऱ्या दुकानात मी आत जातानाच सांगितलं: १६५/८० आर १४, चारही एकाच कंपनीची, याच वर्षाची, आकडे मी बघणार, पक्कं बिल हवं. तिथला वयस्क मिस्त्री खूश झाला. एकेक टायर माझ्यासमोर फिरवून आकडे दाखवले. बॅलन्सिंगला चाक यंत्रावर फिरायला लागलं, त्यानं रिमच्या कडेला वजनं ठोकली. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकं सरळ आहेत का ते दाखवणाऱ्या, पडद्यावर पुढच्या चाकांचे आकडे लाल होते, ते हिरवे होईपर्यंत त्यानं खालून पाना फिरवला. जुनी टायर आतल्या कडेनं जास्त का झिजली होती, ते तेव्हा कळलं. अलाइनमेंट मी दीड वर्ष केलं नव्हतं. हवा दाराच्या खांबावर लिहिलेली तेवढीच. आणि निघताना सांगितलं, "पहिलं दोनशे किलोमीटर जरा दमानं. नव्या टायरवर तेलकट पापुद्रा असतोय, त्यो घासून जाऊ द्या."

सगळं मिळून साडेएकोणीस हजार झाले. त्यात टायरवर २८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आणि मला त्याचा खरंच आनंद झाला, माझे पैसे आधी गेले होते तरी. जीव वाचवणाऱ्या वस्तूवर चैनीच्या वस्तूसारखा कर कशाला?

पंधरवड्यानं तसाच पाऊस, तेच वळण. मी वेगही कमी केला होता, त्यामुळं सगळं श्रेय टायरला देत नाही. पण स्टीअरिंगमध्ये वजन होतं. पाणी बाजूला फेकल्याचा सर्रकन आवाज खालून येत होता. शेजारी बसलेल्या मॅडमनी दाराची मूठ धरलेली, ती वळण संपल्यावर सोडली. आम्ही कुणी काही बोललो नाही.

पावसाळ्यासाठी टायरच्या मापाची सक्ती असावी का, यावर आमच्या गाडीत पुढं महिनाभर वाद चालला. सरांचं म्हणणं, आपल्याकडं नियम म्हणजे नाक्यावर आणखी एक चिरीमिरी. त्यात तथ्य आहे. तरी मी सक्तीच्या बाजूची आहे, कारण माझ्या झिजलेल्या टायरची किंमत त्या एसटीतल्या चाळीस माणसांनी मोजली असती आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मात्र तपासणी रस्त्यावर नको. पीयूसीला गाडी न्यावीच लागते. तिथं धूर मोजतात, नंबरप्लेटचा फोटो काढतात, त्याच वेळी चार चाकांत पट्टी लावायला दोन मिनिटं पुरतात. आज खासगी गाडी नोंदणीनंतर पंधरा वर्षं फिटनेससाठी कुणापुढं उभी करावी लागत नाही. एवढ्या काळात टायरचे तीन संच होऊन जातात.

माप किती? मी ३ मिलिमीटर म्हणते, जून ते सप्टेंबर. आणि सगळीकडं सरसकट नको. आपल्या एकाच जिल्ह्यात शिरोळला लोक ढगाकडं बघत बसतात, तेव्हा गगनबावड्यात चार दिवस सूर्य दिसलेला नसतो. फिनलंडनं २०२० मध्ये नुसत्या तारखा पाहणं सोडून हवामान पाहायचं ठरवलं. आपण घाट पाहून ठरवू शकतो: करूळ, भुईबावडा, आंबा, फोंडा, आंबोली. गुलमर्गला सहलीला गेलो होतो तेव्हा तंगमर्गला सगळ्या गाड्या थांबवून चाकांना साखळ्या चढवून घेतल्या होत्या, त्याशिवाय वर सोडत नव्हते. कुणी कुरकुर केली नाही. बर्फ डोळ्यांना दिसतो, पाण्याचा थर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

सगळ्यात अवघड उत्तर मला वडापच्या, म्हणजे माणसं भरून ने-आण करणाऱ्या, जीपवाल्यानं दिलं. आमची निम्मी मुलं अशाच गाड्यांतून येतात. शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. तिच्या बैठकीत मी टायर मोजण्याचा विषय मांडला आणि जीपवाल्यांनाही बोलावलं. एक जण शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा पगार एक तारखेला हुतोय. माझ्या चार टायरला महिन्याची कमाई जात्या. रिमोल्ड टाकू का पोरांची फी भरू?" रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. नुसता दंड लावून हा माणूस खोल नक्षीचं टायर घेणार नाही, तो पोलिसांना चुकवायचा रस्ता शोधेल. त्याच्यासाठी हप्त्यानं टायर, मुलांची ने-आण करणाऱ्यांना करात सूट, असं काही सक्तीच्या आधी हवं. क्विबेकमधल्या नोकरदाराला लावलेला नियम याला तसाच लावता येणार नाही.

तरी दीडशे रुपयांची मापाची पट्टी मी शाळेसाठी विकत घेतली. या वर्षी उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी फाटकापाशी सात जीपगाड्या मोजल्या. आठवीची दोन मुलं वहीत आकडे लिहून घेत होती, चाकागणिक एक रकाना. तीन गाड्यांची मागची टायर दोनच्या खाली निघाली. फीचं बोलणारा तो माणूस स्वतः चाकापाशी उकिडवा बसला होता. त्याच्या डाव्या मागच्या टायरला पट्टी लावली, १.४. त्यानं पट्टी माझ्या हातातून घेतली आणि त्याच टायरला दुसऱ्या जागी पुन्हा लावून बघितली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मागं दोन नवी टायर लावून आला. पुढची अजून २.२ वर आहेत. दिवाळीनंतर बघतो म्हणालाय. वहीत त्याच्या नावापुढं मी तसं लिहून ठेवलंय.