सरदेसाई कुठाय?

दोन महिने गप्प होतो, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि डोकं फिरलंय.

चोरबाजारातून घेतलेलं सह्यांच्या अल्बमचं ते पान आठवत असेल. भारतीय क्रिकेटपटूंच्या बारा सह्या, वर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं ‘वेस्ट इंडीज १९७१’. परदेशातल्या दोन ऑथेंटिकेशनवाल्यांकडे (सही अस्सल की नकली ते फी घेऊन सांगणारे) स्कॅन पाठवले होते (नावं घेत नाही, उगाच वाद नको). पहिल्याने सांगितलं, बाराच्या बारा अस्सल वाटतात. दुसऱ्याने कर्णधार अजित वाडेकरांची सही नापास केली आणि उरलेल्या अकरांबद्दल ‘मत देता येत नाही’ म्हणून हात वर केले. पान तेच, फाइलही तीच! दोघांची फी मिळून जेवढी झाली तेवढ्यात आणखी एक पान आलं असतं. घरी आकडा सांगितलेला नाही.

मग पंधरा दिवस मी आणि वाडेकरांची सही. झवेरी बाजारातून आणलेलं दहापट भिंग पैसा वसूल आहे, छापील ठिपके नाहीत, म्हणजे सही छापलेली नाही, हे पहिल्याच मिनिटाला कळलं. बॉलपेनची खोबण आहे, वळणावर शाईची गोळी साठलेली आहे, पानामागे बोट फिरवलं तर उठाव लागतो. म्हणजे हाताने केलेली सही आहे. पण कोणाच्या हाताने? ड्रेसिंग रूममध्ये एकाने दुसऱ्याची सही ठोकून देणं काही नवीन नाही. शेवटच्या फराट्यात हात किंचित थबकल्यासारखा दिसतो. नक्कल करणारा तिथेच थबकतो. पण मांडीवर वही ठेवून सही करणाराही थबकतो. लॅमिंग्टन रोडवरच्या स्वस्त यूव्ही (अतिनील) टॉर्चच्या नादी लागू नका. ती ३९५ नॅनोमीटरची असते, सगळंच जांभळं दिसतं. ३६५ ची घ्या. अर्थात इथे तिचा उपयोग शून्य. कागद उजळवणारी आणि यूव्हीत चमकणारी रसायनं १९५० च्या आसपास रुळली, त्यामुळे विजय मर्चंटांची १९३६ ची म्हणून विकलेल्या सहीचा कागद चमकला तर विकणाऱ्याची गचांडी धरता येते, सत्तरच्या दशकातल्या पानाचं काय करणार?

खरी अडचण ताडून बघायच्या खात्रीच्या नमुन्यांची आहे. वाडेकर स्टेट बँकेत होते. रोज कागदांवर सह्या करणाऱ्या माणसाची टेबलावरची सही वेगळी आणि मैदानाबाहेर घोळक्यात केलेली वेगळी. माझ्याकडे खात्रीच्या तीन आहेत, तिन्ही ऐंशीनंतरच्या. बेसबॉलच्या सह्या रोज हजारोंनी बघणाऱ्या या परदेशातल्या मंडळींकडे त्या काळातल्या वाडेकरांचे किती नमुने असणार? दोघांनाही विचारलं, कशाशी ताडून बघितलंत. एकाकडून आभाराची मेल आली, दुसऱ्याकडून तीही नाही. सर्टिफिकेटबरोबरच्या स्टिकरवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकला की हिरवी खूण येते, पण ती खूण स्टिकर खरा असल्याची. सहीबद्दल खाली बारीक अक्षरात ‘हे आमचं मत आहे’ एवढंच असतं. समोर उभं राहून करून घेतलेल्या सहीचं सर्टिफिकेट ही वेगळी जात, ती मी मानतो. बाकी खोट्या सह्यांच्या धंद्यावर एफबीआयने केलेल्या ऑपरेशन बुलपेनमध्ये मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल सापडला होता, आणि त्या धंद्यात खोट्या मालाबरोबर सर्टिफिकिटंही फिरत होती.

तर रविवारी दादरला बाबांकडे गेलो होतो. पान दाखवलं. त्यांनी भिंग मागितलं नाही की सर्टिफिकेट बघितलं नाही. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, “अरे, सरदेसाई कुठाय?”

मी बघतच राहिलो. दिलीप सरदेसाई, ७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा केलेला माणूस आणि त्या दौऱ्याच्या पानावर नाही! पुढची दहा मिनिटं बाबाच बोलत होते. पानावर सलीम दुराणी आहे आणि फारुख इंजिनिअरही आहे. इंजिनिअर वेस्ट इंडीजला गेलाच नव्हता, तो त्या वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात आला, आणि तिथे दुराणी नव्हता. १९७१ च्या कुठल्याच संघाचं हे पान असू शकत नाही. दोघं एकत्र म्हणजे १९७२-७३, टोनी लुईसच्या कप्तानीखाली इंग्लंडचा संघ इथे आला तेव्हा. सरदेसाईंची शेवटची टेस्ट त्याच मालिकेतली पहिली, दिल्लीची, डिसेंबर ७२. म्हणजे पान त्यानंतरचं. फेब्रुवारी ७३ मध्ये ब्रेबॉर्नवर इंजिनिअरने १२१ काढल्या, ती टेस्ट असेल तर काय मजा! बाबा म्हणाले, मी होतो तिथे, ईस्ट स्टँडला. हे पन्नास वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं.

गंमत बघा, पहिल्याच्या सर्टिफिकेटवर चक्क ‘१९७१ वेस्ट इंडीज दौरा’ छापलंय. पेन्सिलीत होतं तेच त्यांनी टाइप केलं. सह्या खोट्या ठरल्या असं मात्र मी म्हणत नाही, उलट माझा भरवसा वाढलाय. १९७१ चं खोटं पान बनवणाऱ्याने सगळ्यात आधी सरदेसाई टाकले असते.

ठरलं होतं की तिसऱ्या सर्व्हिसकडे पाठवायचं. ते रद्द. आधी वाडेकरांचे त्याच हंगामातले नमुने जमवतो.

थांबा. हे लिहिता लिहिता पान परत समोर घेतलं. डावीकडे खालची ती गिचमिड, इंग्रजी ‘के’ आणि पुढे नुसती रेघ. पहिल्या सर्टिफिकेटवाल्यांनी ती ‘केनिया जयंतीलाल’ म्हणून लावली, मीही मान डोलावली, कारण जयंतीलाल वेस्ट इंडीजला होते. पण पान ७३ चं असेल तर? तेव्हा पतौडी संघात परतले होते, आणि संस्थानिकांच्या पदव्या गेल्यामुळे मन्सूर अली खान या नावाने खेळत होते. ‘के’ खानाचा असेल का? हात थरथरतोय, बाकी काही नाही.

वाडेकर आठवडाभर बाजूला. कोणाकडे १९७२-७३ मधल्या ‘खान’ सहीचा खात्रीचा नमुना असेल तर स्कॅन पाठवा. ६०० डीपीआय, पानाची मागची बाजूसुद्धा, आणि कृपा करून मोबाइलचा फ्लॅश नको.