मालकाचा रकाना

बँकेत खातं उघडायच्या फॉर्मात एक रकाना असतो : कंपनीचा अंतिम लाभार्थी मालक कोण? तिथे हाडामांसाचा माणूसच लागतो, दुसऱ्या कंपनीचं नाव चालत नाही. सिंगापुरात कंपनी सेक्रेटरीचं काम करताना हा रकाना मी शेकड्यांनी भरून घेतलाय. चीनमधल्या चेंगडूच्या एका गिऱ्हाइकाने मात्र तिथे लिहून पाठवलं, ‘कोणी नाही’.

मला वाटलं, भाषेचा घोळ असेल. फोन केला तर गडी शांतपणे म्हणाला, बरोबरच लिहिलंय. फायली साठवायचं जाळं जगभरच्या नोडवाल्यांचं, म्हणजे आपापली यंत्रं त्याला जोडणाऱ्यांचं; नियम बदलणार टोकन, म्हणजे जाळ्याचं डिजिटल नाणं, बाळगणाऱ्यांच्या मताने, सिंगापूरची फाउंडेशन नुसती राखणदार. हमीवर उभी राहिलेली कंपनी, तिला भागभांडवलच नाही. मग मालक आणू कुठून?

त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याची चौदा जणांची टीम त्याला ‘लाओबान’ म्हणायची. चिनी भाषेत याचा अर्थ मालक. हे त्याला ऐकवलं तेव्हा खो खो हसला, पण रकाना बदलला नाही.

कंपनीची नोंदणी जुलैत झाली होती. खातंही ऑगस्टातच उघडायचं, पण चांद्र सातवा महिना म्हणजे त्यांच्याकडे भुतांचा महिना, आणि त्यात धंद्याचा श्रीगणेशा करायचा नाही हे त्याच्या आईने बजावलेलं. पुढे 21 सप्टेंबरला त्यांचा मध्य-शरद सण आला. शेवटी बँकेची व्हिडिओ मुलाखत ठरली शुक्रवारी, 24 सप्टेंबर 2021 ला. आमच्याकडे तेव्हा पितृपक्ष लागलेला. हे मी ना त्याला सांगितलं, ना ही तारीख सांगलीला आईला.

मुलाखत दुपारी झाली. बँकेच्या बाईंनी आवाज न चढवता तासभर त्याला पिळून काढलं. पैसा चीनमधून कसा येणार? तिथे माणशी वर्षाला 50,000 डॉलरचंच परकीय चलन घेता येतं. मग चेंगडूच्या इंजिनिअरांचे पगार उलट दिशेने कसे जाणार? टोकन कोण काढणार? सॉफ्टवेअर चेंगडूची कंपनी लिहिणार, टोकन ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरची कंपनी काढणार, सांभाळणार सिंगापूरची फाउंडेशन. एकाच घराच्या तीन चुली. त्या काळी चिनी संस्थापकांत ही मांडणी इतकी रुळलेली होती की आमच्याकडे तिचा तयार नमुनाच होता. कारण 4 सप्टेंबर 2017. त्या दिवशी चीनच्या सात सरकारी खात्यांनी टोकन विकून भांडवल उभारण्यावर बंदी घातली. तिकडे त्या तारखेला नुसतं ‘नऊ-चार’ म्हणतात.

बाईंचा शेवटचा प्रश्न होता, तुमचं गिऱ्हाईक चीनमध्ये आहे का? तो क्षणभर थांबला. आहे म्हणाला तर खातं गेलं, नाही म्हणाला तर खोटं. फाइलकॉइन या फायली साठवायच्या जाळ्याचे नोड चालवणाऱ्यांत चिनी लोक भरपूर होते, आणि त्यांचंच काम सोपं करणारं सॉफ्टवेअर हा विकत होता. ‘जाळं सगळ्यांना खुलं आहे,’ तो म्हणाला. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

त्याच दिवशी सिंगापूर सरकारने सोमवारपासून पुन्हा घरून काम करायला सांगितलं होतं, म्हणून संध्याकाळी आम्ही फायली पिशव्यांत भरत होतो. तेवढ्यात माझ्या मलेशियन सहकारणीचा फोन वाजायला लागला आणि थांबेचना. चीनच्या मध्यवर्ती बँकेने इतर नऊ संस्थांसह एक नोटीस संकेतस्थळावर टाकली होती. ती उभ्या उभ्या वाचून मला इंग्रजीत सांगत होती. आभासी चलनाशी निगडित सगळा धंदा बेकायदा वित्तीय व्यवहार. परदेशातल्या एक्सचेंजने, म्हणजे अशा चलनांच्या बाजाराने, इंटरनेटवरून चिनी रहिवाशांना सेवा दिली, तर तीही बेकायदा. त्यांच्या चीनमधल्या कर्मचाऱ्यांवरही कारवाई. आणि हा धंदा काय आहे हे ठाऊक असून, किंवा ‘ठाऊक असायला हवं असताना’, त्यांना जाहिरात, पैशांची देवघेव वा तांत्रिक मदत पुरवणाऱ्यांवरही.

‘ठाऊक असायला हवं असताना’ हे शब्द तिने दोनदा वाचले.

मी लाओबानला फोन लावला. तो म्हणत होता, मी एक्सचेंज नाही, माझा बिटकॉइनशी संबंध नाही, मी कपाटं बांधतो, लोक त्यात फायली ठेवतात. खरंही होतं ते. पण त्या कपाटांचं भाडं टोकनमध्ये मिळायचं, आणि त्याच दिवशी खाणकामाविरुद्धही, म्हणजे यंत्रं चालवून आभासी नाणी मिळवण्याविरुद्धही, वेगळी नोटीस जाहीर झाली होती. चेंगडू ज्या प्रांतात आहे त्या सिचुआनमध्ये जूनमध्ये काय झालं हे त्याने जवळून पाहिलेलं. 20 जूनपर्यंत बिटकॉइनच्या 26 संशयित खाणींची वीज तोडा, असा हुकूम होता. उद्या येणारा माणूस माझ्या यंत्रांत आणि त्या यंत्रांत फरक करेल का, हे त्याने मला विचारलं. मी काय सांगणार!

मग तो त्याच्या गिऱ्हाइकांबद्दल बोलू लागला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा धंदा मला नीट समजला. नोडवाला 32 गिबीबाइटचा एकेक कप्पा सीलबंद करतो आणि इतके महिने सांभाळीन म्हणून टोकन तारण ठेवतो. मिळकतीचा पाऊण हिस्सा 180 दिवसांत हळूहळू सुटतो. मुदतीआधी यंत्र बंद केलं, तर जाळं आपोआप तारणातून दंड कापतं. तिथे विनंती-अर्ज नाही, साहेबांना भेटणं नाही, कारण साहेबच नाही. आता सरकार म्हणणार बंद करा, आणि बंद केलं की जाळं कापणार. ‘ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं बांधलं,’ तो म्हणाला, ‘की कोणालाही मध्येच थांबवता येऊ नये, तीच आता माझ्या माणसांच्या मुळावर आली.’

त्यांच्याकडची दुसरी अडचण जुनीच. ब्लॉकचेन म्हणजे अनेक यंत्रांवर एकत्र ठेवलेली, मागाहून खोडता न येणारी नोंदवही. फेब्रुवारी 2019 पासून ब्लॉकचेन-सेवा देणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते, वापरणाऱ्यांची खरी नावं घ्यावी लागतात आणि आक्षेपार्ह मजकूर हाताळायची सोय ठेवावी लागते. त्याआधी एप्रिल 2018 मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीचं खुलं पत्र नेटवरून काढलं जात असताना कोणीतरी ते इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या एका व्यवहारात कोरून ठेवलं होतं. ते पुसणार कोण? लाओबानच्या जाळ्यातही फाइलचा पत्ता तिच्या मजकुरातूनच तयार होतो आणि प्रती कुठे कुठे आहेत हे त्यालाही सांगता येत नाही. नोंदणीच्या अर्जात मात्र जबाबदार व्यक्तीचं नाव लागतंच. टोकन काढून टाका, नोंद करा, सरकारी पठडीतली ‘नाणं नसलेली साखळी’ बांधा, हा रस्ता त्याला उघडा होता. ऑक्टोबर 2019 मध्ये खुद्द शी जिनपिंग यांनी ब्लॉकचेनला बळ द्या म्हटल्यापासून त्या रस्त्यावर गर्दी होती. त्याला ते नको होतं. नोंदवहीच बांधायची तर हिशेबनीसच झालो असतो, असं काहीसं तो म्हणायचा. मला हे जरा घमेंडीचं वाटायचं, अजूनही वाटतं.

साडेसातला आमच्या अंकलचा फोन. सिंगापूरच्या कायद्याने प्रत्येक कंपनीला निदान एक इथला रहिवासी संचालक लागतो. परदेशी गिऱ्हाइकांसाठी आम्ही हे निवृत्त अकाउंटंट अंकल नेमायचो. ‘माझं नाव काढ, आत्ता,’ ते म्हणाले. त्यांनी चिनी वर्तमानपत्राच्या अ‍ॅपवर बातमी वाचली होती. मी सांगितलं, अंकल, कंपनीत तुम्ही एकटेच रहिवासी संचालक, दुसरा आल्याशिवाय कायद्याने तुम्हाला राजीनामा देताच येत नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हणजे इथे अडकलेला माणूस मी एकटाच की!

आमच्या मोठ्या साहेबांना काळजी वेगळीच. पैसे घेऊन कागदपत्रं करून दिली, मग आपल्याला ‘ठाऊक असायला हवं’ होतं का? त्यांनी सोमवारपर्यंत सगळ्या चिनी गिऱ्हाइकांच्या फायली थांबवल्या. बँकेच्या बाईंचा मेल रात्री सव्वानऊला आला. अर्ज फेटाळला नव्हता, लाभार्थी मालकाचा रकाना पुन्हा भरून मागितला होता. मालक सापडत नसेल तर प्रत्यक्ष कारभार चालवणाऱ्याचं नाव आणि राहता पत्ता द्या.

मी तो तसाच पुढे पाठवला. दहाच्या पुढे लाओबानचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, लहान मुलीचा आवाज. टीममधल्या तिघांच्या घरून फोन आले होते, काम सोडा म्हणून. तो स्वतः इकडे यायचं म्हणाला तरी मुलीची शाळा, आईवडील आणि चौदा जणांचे वर्क पास, सगळंच अवघड. तिकडे धंदा परदेशी नेण्याला ‘समुद्रावर जाणं’ म्हणतात. मी म्हटलं, सोमवारी बोलू.

पावणेअकराला फॉर्म परत आला. ‘कोणी नाही’ खोडलं होतं. तिथे चिनी अक्षरांत आणि खाली इंग्रजीत त्याचं स्वतःचं नाव होतं. पत्त्याचा रकाना कोरा.

‘हा तूर्त रिकामा ठेवला तर चालेल का?’ त्याने खाली विचारलं होतं.

चालणार नव्हता. मी कळवलं, सोमवारी दुपारपर्यंत थांबतो.